कोटिंगवाल्या लेन्ससाठी जास्तीचे पैसे भरावेत का?

पत्र:

"सासूबाईंचं वय 71. मधुमेह 12 वर्षांपासून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलाय. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा डोळा ऑपरेशननंतर इन्फेक्शन होऊन गेला, तेव्हापासून सासूबाई 'दिसतंय तेवढं पुरे' म्हणून बसल्यात. कशाबशा तयार केल्या, तर हॉस्पिटलमधल्या काउन्सेलर मॅडमनी तीन पॅकेजेस दाखवली. सगळ्यात वरच्या पॅकेजमध्ये 'अँटिबॅक्टेरियल कोटिंगची इम्पोर्टेड लेन्स' आहे, 24 हजार जास्त. ती बसवली की इन्फेक्शन होतच नाही, असं त्या म्हणाल्या. जर्मनीतला भाचा म्हणतो, असल्या लेन्सवर अजून संशोधन चाललंय, दोन वर्षं थांबा, चांगली मिळेल. पैसे भरावेत की थांबावं? आणि मुळात कारखान्यातून सीलबंद आलेल्या लेन्सला इन्फेक्शन होतंच कसं?
– एक सून, सांगली जिल्हा"

ताई,

आधी निकाल सांगून टाकते. थांबू नका, आणि कोटिंग या एका शब्दापोटी 24 हजार मोजू नका. कारणंही सांगते, कारण नुसतं 'नको' म्हटलं तर 'सुनेनं पैसे वाचवले' असं बोलणारं घरात कुणी ना कुणी निघतंच.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू, बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत. सीलबंद लेन्स निर्जंतुक असते, त्यात शंका नाही. जंतू तिच्याबरोबर येत नाहीत. ते सासूबाईंच्या पापण्यांच्या कडेला आधीपासूनच मुक्कामाला आहेत. तुमच्या आणि माझ्याही. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नावाचा जंतू प्रत्येकाच्या कातडीवर असतो, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी असतो आणि तिथे असेपर्यंत कुणाचं काही बिघडवत नाही. 1991 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालेल्या डोळ्यांतले जंतू आणि त्याच माणसांच्या पापण्या, डोळ्याचा पृष्ठभाग व नाक इथले जंतू ताडून पाहिले. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही एकच निघाले.

ऑपरेशनसाठी बुबुळाच्या कडेला जेमतेम अडीच मिलिमीटरची चीर घेतात. तेवढ्या वाटेनं डोळ्याच्या पृष्ठभागावरचं थोडं पाणी आत जातंच. त्यातून मूठभर जंतू पुष्कळांच्या डोळ्यात शिरतात, पण इन्फेक्शन होतं ते हजारात एखाद्याला, चांगल्या ठिकाणी त्याहूनही कमी जणांना. डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणी सारखं बदलत असतं, दीड-दोन तासांत सगळं नवं येतं, त्यामुळे शिरलेले जंतू वाहून जातात. ज्यांना काही धरून बसायला मिळतं, ते मात्र राहतात.

लेन्सचा संबंध येतो तो इथे. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. ती प्लॅस्टिकची होती, कारण युद्धात लढाऊ विमानाच्या कॉकपिटचं छत फुटून वैमानिकांच्या डोळ्यात घुसलेले तुकडे आत निवांत पडून राहतात, डोळा त्यांच्यावर चिडत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. पण डोळ्याला ज्याचं वावडं नाही, त्याचं जंतूंनाही नाही. लेन्सला रक्तपुरवठा नसतो, तिथे पांढऱ्या पेशींची गस्त नसते. एखादा जंतू लेन्सला चिकटला की दुप्पट होतो, चौपट होतो, आणि ही वस्ती स्वतःभोवती चिकट थर तयार करते. डॉक्टर त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराखाली बसलेल्या जंतूला मारायला लागणारं औषध मोकळ्या जंतूच्या कित्येक पटींनी जास्त असतं, आणि डोळ्याला ते सोसत नाही. म्हणून मग कोटिंगची कल्पना निघाली. जंतूला मुळात चिकटूच द्यायचं नाही, किंवा चिकटला तर तिथेच मारायचा.

भाच्याला सांगा, संशोधनाबद्दल त्याचं म्हणणं खरं आहे. काम जोरात चालू आहे आणि त्यातलं काही फार देखणं आहे. एक वाट अशी, की लेन्सवर पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा इतका पातळ थर द्यायचा की जंतूला पकडच मिळू नये. दुसरी वाट म्हणजे थरातच चांदीचे कण किंवा अँटिबायोटिक भरायचं आणि ते हळूहळू झिरपू द्यायचं. तिसरीत थर झिरपत नाही, पण त्याला टेकलेल्या जंतूचं आवरण फाटतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2012 साली दाखवलं, की तिथल्या एका सिकाडा जातीच्या, झाडावर बसून किर्रर्र आवाज करणाऱ्या किड्याच्या पंखावर डोळ्याला न दिसणारे खांब असतात आणि त्यांच्यावर बसलेला स्यूडोमोनास जंतू फाटून मरतो. औषध नाही, रसायन नाही, नुसता पृष्ठभागाचा आकार. तसे खांब लेन्सच्या प्लॅस्टिकवर उठवता येतील का, यावरही डोकी चालली आहेत. रोज घालायच्या कॉन्टॅक्ट लेन्सवर जंतुनाशक प्रथिनांचे लेप देऊन माणसांवर चाचण्याही झाल्यात. डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सच्या बाबतीत जंतू मारणारे लेप मात्र मुख्यतः प्रयोगशाळेतल्या बशीत आणि सशांच्या डोळ्यांत आहेत.

बशीतून माणसाच्या डोळ्यात यायला इतका उशीर का, तेही समजून घ्या, म्हणजे दोन वर्षांचा हिशेब किती पोकळ आहे ते कळेल. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर असा लेप दिला तर तो काळा आहे की पिवळा, याची कुणी फिकीर करत नाही. लेन्सवरचा लेप काचेसारखा स्वच्छ हवा, आणि वीस-पंचवीस वर्षं तसाच राहायला हवा. ही सहा मिलिमीटरची लेन्स गुंडाळून, सुईसारख्या नळीतून दाबून आत सोडतात आणि ती आत जाऊन उलगडते. त्या घासाघाशीत लेपाचा पापुद्रा सुटला तर तो तुकडा डोळ्यात फिरणार. शिवाय बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो बुबुळ पारदर्शक ठेवतो आणि त्यातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. जे रसायन जंतूची पेशी फाडतं, ते या पेशींना ओळख दाखवून सोडून देईल याची खात्री कुणी द्यायची?

ही भीती हवेतली नाही. हृदयाच्या कृत्रिम झडपेच्या कापडी कडेला चांदीचा लेप देऊन 'सिल्झोन' नावाची झडप 1990 च्या दशकात बाजारात आली होती. झडपेवर जंतू बसू नयेत, हाच हेतू. झालं असं, की झडपेच्या कडेनं रक्त गळण्याचं प्रमाण वाढलं, आणि जानेवारी 2000 मध्ये कंपनीला ती परत घ्यावी लागली. डोळ्यातही असंच एक उदाहरण आहे. इन्फेक्शन होऊ नये म्हणून काही सर्जन ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सोडत. त्यातल्या थोड्या रुग्णांच्या डोळ्यामागच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडल्या, नजर गेली. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याबद्दल इशारा दिला. तेव्हा जंतू मारणारी वस्तू डोळ्यात कायमची ठेवायची म्हटल्यावर डॉक्टरांनी कुरकुर केली, तर मी तरी त्यांच्या बाजूनं आहे.

आता काउन्सेलर मॅडम. त्या खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा त्यांना कंपनीच्या माणसानं जे पढवलेलं असतं, तेच त्या पुढे सांगतात. कोटिंग असलेल्या लेन्स पूर्वीपासून आहेत. हेपारिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा लेप दिलेल्या लेन्स 1980 च्या दशकाच्या शेवटापासून मिळतात. त्या ऑपरेशननंतर लेन्सवर पेशी आणि सूज साचणं कमी करण्यासाठी आहेत. प्रयोगशाळेत त्यांना जंतूही कमी चिकटतात, हे खरं. पण तेवढ्यावरून 'इन्फेक्शन होतच नाही' इथवर उडी मारता येत नाही. निळा प्रकाश गाळणाऱ्या पिवळसर लेन्स असतात, त्यांचाही जंतूंशी काही संबंध नाही. तुम्ही एवढंच करा. मॅडमना लेन्सचं कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर एस्टिमेटच्या कागदावर लिहून द्यायला सांगा, आणि तो कागद घेऊन थेट सर्जनना विचारा, "या लेन्सवर नेमका कसला लेप आहे? याच्यामुळे इन्फेक्शन कमी झाल्याचा माणसांवरचा अभ्यास आहे का?" माझा अंदाज आहे, की सर्जन स्वतःच हसून विषय बदलतील किंवा मधलं पॅकेज सुचवतील. ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्डावर लेन्सच्या डब्यातलं स्टिकर चिकटवून मिळतं, त्यावरचा मॉडेल नंबर एस्टिमेटशी जुळवून पाहा. जी लेन्स दाखवली तीच बसली, याचा पुरावा तोच. तो कागद जपून ठेवा.

वरच्या पॅकेजमध्ये कोटिंगशिवाय दुसरं काही असेल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स वगैरे, तर तो वेगळा विषय. मधुमेहानं पडदा खराब झालेला असेल तर तसली लेन्स बहुधा सुचवत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

इन्फेक्शन खरोखर कशानं कमी होतं, ते पाहा. सगळ्यात स्वस्त गोष्ट सगळ्यात जास्त काम करते: पोव्हिडोन आयोडीन. ऑपरेशनच्या आधी त्याचे पाच टक्क्यांचे थेंब डोळ्यात घालून काही मिनिटं ठेवतात, भोवतालची कातडी आणि पापण्याही त्यानंच पुसतात. लाल-तपकिरी रंगाचं, चुरचुरणारं, जुनं औषध. कुठल्याच पॅकेजच्या जाहिरातीत त्याचं नाव नसतं. त्यात एक बारकावा आहे, जो ऑपरेशन थिएटरमधली चांगली सिस्टर न सांगता पाळते. बधिर करायचं जेल आयोडीनच्या आधी डोळ्यात घातलं, तर जेलचा थर बसतो आणि त्याखालच्या जंतूंपर्यंत आयोडीन पोचत नाही. म्हणून आयोडीन आधी, जेल नंतर. त्यानंतर पापण्यांच्या केसांवरून चिकट प्लॅस्टिकचं कापड असं बसवतात की एकही केस चिरेजवळ येऊ नये. केस कापायची गरज नसते, सासूबाईंना त्याची धास्ती असेल तर सांगून टाका.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑपरेशनच्या अगदी शेवटी डोळ्यात सोडायचं अँटिबायोटिक. युरोपात 16 हजारांच्या आसपास रुग्णांवर केलेल्या आणि 2007 साली छापून आलेल्या अभ्यासात सेफ्युरॉक्झिम असं सोडल्यानं इन्फेक्शन जवळजवळ पाचपटीनं कमी झालं. आपल्याकडचं काम तर याहून मोठं आहे. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयानं सहा लाखांवर ऑपरेशनांचा हिशेब 2017 मध्ये मांडला. शेवटी मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडायला लागल्यावर इन्फेक्शनचं प्रमाण 0.07 टक्क्यांवरून 0.02 टक्क्यांवर आलं. म्हणजे दहा हजारांत सात होते, ते दोन झाले. हे औषध मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये तयार होतं आणि गरिबातल्या गरीब रुग्णालाही परवडतं. जर्मनीतल्या भाच्याला हा आकडा जरूर कळवा.

एवढं असताना लेन्सवर लेप शोधत बसणं म्हणजे तिजोरीला दुसरं कुलूप लावायचं आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं. सासूबाईंच्या बाबतीत ती दारं कुठली, ते आता बघू, कारण 24 हजारांपेक्षा इथे लक्ष दिलेलं जास्त उपयोगाचं आहे.

पहिलं, पापण्या. कडेला कोंड्यासारखे खवले, सकाळी चिकटणं, सारखं चोळावंसं वाटणं, असं काही असेल तर ऑपरेशनच्या आधी दोन-तीन आठवडे त्याचा इलाज करून घ्या. कोमट पाण्याचा शेक आणि पापण्यांची कड पुसणं, एवढ्यानंही फरक पडतो. दुसरं, डोळ्यातून नाकात उतरणारी नळी. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबल्यावर पू किंवा चिकट पाणी वर येत असेल, तर नळी बंद आहे आणि तिथे जंतूंची टाकी भरलेली आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग मोतीबिंदू. सर्जन सुईनं पाणी सोडून ही नळी तपासतात. सासूबाई 'डोळा सारखा पाझरतो' असं म्हणत असतील, तर ही तपासणी झाली का, हे आवर्जून विचारा. तिसरं, साखर. मधुमेहात इन्फेक्शनचा धोका वाढतो, पण म्हणून दोन दिवसांत उपाशी ठेवून साखर खाली आणू नका, महिनाभर आधीपासून गोळ्या आणि जेवण सांभाळा. आणि अंगात कुठे गळू, दाताचं सुजलेलं मूळ किंवा पायाला चिघळलेली जखम असेल तर ती लपवू नका. तारीख पुढे जाईल म्हणून पायाची जखम लपवणाऱ्या आजीबाई दर महिन्याला भेटतात.

आता थांबण्याविषयी. मोतीबिंदू पिकत गेला की कडक होतो. कडक मोतीबिंदू फोडायला मशीन जास्त वेळ चालवावी लागते, आणि भिंगाची मागची पातळ पिशवी फाटण्याची शक्यता वाढते. ही पिशवी फाटली की जंतूंना मागच्या जेलीकडे जायला वाट मोकळी होते, आणि इन्फेक्शनचा धोका कितीतरी पटीनं चढतो. म्हणजे इन्फेक्शन न होणाऱ्या लेन्सची वाट पाहत बसलात, तर त्या वाट पाहण्यानंच इन्फेक्शन जवळ येईल. शिवाय मोतीबिंदूच्या आडून पडदा दिसत नाही, त्यामुळे मधुमेहानं तिथे काय चाललंय तेही डॉक्टरांना कळत नाही.

भाचा कुठे बरोबर आहे, तेही सांगायला हवं. कोटिंगची खरी गरज मोतीबिंदूपेक्षा इतर ठिकाणी जास्त आहे. काचबिंदूत दाब उतरवायला डोळ्यात नळी बसवतात. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ कातडीखालून जाते, आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणानं कातडी झिजून नळी उघडी पडली तर जंतूंना थेट आत जायला रस्ता मिळतो. कृत्रिम बुबुळ बसवलेल्या माणसाला तर जन्मभर रोज अँटिबायोटिकचे थेंब घालावे लागतात, कारण त्या प्लॅस्टिकचं एक तोंड आत आणि एक बाहेर उघडं असतं. डोळा काढल्यावर खोबणीत बसवायच्या गोळ्याचीही तीच तऱ्हा: वरची कातडी उघडली की इन्फेक्शन. अशा ठिकाणी एक इंजेक्शन देऊन भागत नाही, तिथे वर्षानुवर्षं टिकणारा लेप खरोखर कामाचा ठरेल. मोतीबिंदूतही एक दुर्मीळ प्रकार आहे. मुरमांचा जंतू लेन्सच्या पिशवीच्या कोपऱ्यात दडून बसतो आणि काही महिन्यांनी डोळा पुनःपुन्हा लाल होऊ लागतो. तिथेही लेपाचा उपयोग होईल. पण यातलं काहीही सासूबाईंची तारीख पुढे ढकलायला पुरेसं नाही.

गल्लीतल्या काकांचं नेमकं काय झालं, ते त्यांचे कागद पाहिल्याशिवाय बोलता येणार नाही. एकाच दिवशी, एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये अनेकांचे डोळे बिघडले, अशी बातमी आली की दोष बहुधा डोळ्यात सोडायच्या सलाईनचा, उपकरणांचा किंवा हवेचा असतो. तेव्हा लेन्स साधी असो की सोन्याची, फरक पडत नाही. म्हणून हॉस्पिटल निवडताना विचारायचा प्रश्न हा: "शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक सोडता का, आणि रात्री डोळा दुखला तर कुणाला फोन करायचा?" दुसऱ्या प्रश्नाला रिसेप्शनचा नंबर मिळाला तर तो घेऊ नका, माणसाचा नंबर मागा.

कारण काकांचा डोळा वाचला असता का, हे बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच ठरतं. पट्टी काढल्यावर छान दिसत होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी धूसर झालं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पापणी सुजली, असं काही झालं तर 'उद्या सकाळी बघू' म्हणू नका. त्याच तासाला निघा. डोळ्यात थेट अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊन अशी नजर पुष्कळदा वाचवता येते, पण त्यातला प्रत्येक तास मोलाचा असतो. मधुमेही आणि वयस्कर माणसाला दुखणं कमी जाणवू शकतं, म्हणून रोज सकाळी तो एकच डोळा उघडा ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला लावा. कालची दिसली आणि आजची दिसत नाही, तर फोन उचला.

थेंब घालताना हात साबणानं धुवा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. खालची पापणी बोटानं ओढून तिथे झालेल्या खळग्यात वरून एक थेंब सोडा, दुसरा लगेच नको, पाच मिनिटांनी. मध, गुलाबपाणी, गाईचं तूप, शेजारणीनं आणून दिलेलं काजळ, यातलं काहीही त्या डोळ्याच्या आसपास फिरकू देऊ नका. डोक्यावरून आंघोळ आणि चुलीचा धूर डॉक्टर सांगतील तोवर बंद.

डाव्या डोळ्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तोही करावा लागणारच. उजवा शांत झाल्यावर, सर्जन सांगतील तेव्हा करून घ्या. आणि त्या वेळी उजव्याच्या वेळच्या उरलेल्या थेंबांच्या बाटल्या वापरायला काढू नका. उघडल्यापासून महिना उलटला की त्या फेकायच्या, कितीही भरलेल्या दिसल्या तरी.